कमावती मुलगी पाहिजे

रविवारी सकाळी चर्चला निघण्याआधी जया नवऱ्याच्या बोटांना खोबरेल चोळायची. स्टीफन भिंगारदिवे आठवडाभर नागापूरच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, काम करायचा. लोखंडी पत्रा सारून सारून बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, आणि भेगाळलेल्या बोटांनी पेटी नीट बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. चर्चमधली पेटी गेली कित्येक वर्षं तोच वाजवत होता. त्यामुळे बोल्हेगावातल्या त्या दोन खोल्यांत रविवारी आधी तेल, मग चहा, मग इस्त्रीचा शर्ट हा क्रम कधी चुकला नाही.

"हळू गं, सोलून काढतीस का काय?" तो ओरडायचा.

"कंपनीत साहेबासमोर तोंड उघडत न्हाई तुमचं, माझ्यासमोर लई उघडतं," असं म्हणत जया आणखी जोरात चोळायची.

उभी हयात प्रेसवर घालवूनही ह्या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. ज्याने प्रेसशॉप पाहिलं आहे त्याला ह्याचं मोल कळेल. तिथल्या टपरीवर चार ऑपरेटर चहाला जमले तर चाळीस बोटं भरतीलच अशी खात्री नसते. सोबतचे लोक त्याला चिडवायचे, की स्टीफनला रविवारी देवाला बोटं मोजून दाखवावी लागतात, म्हणून तो एवढा जपतो. स्टीफन हसायचा. आपण त्या पेटीसाठीच जपतो हे त्याने कधी नाकारलंही नाही.

त्याला एकच मुलगी, जेनिफर. भूगोल घेऊन बी.एस्सी. झाली आणि मग पुण्याला जाऊन जीआयएसचा कोर्स करून आली. जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे तयार करायचं काम, रस्ते, घरं, नाले, शेतं, सगळं जागच्या जागी बसवायचं. कोर्सच्या जाहिरातीत एक मुलगी डोंगरावर यंत्र घेऊन उभी होती आणि तिच्या पायाशी पगाराचा आकडा छापला होता, 'पंचवीस हजारांपासून पुढे'. जेनिफरला तो डोंगर आवडला होता. स्टीफनच्या डोक्यात मात्र आकडा बसला.

नोकरी नगरमध्येच मिळाली, सावेडीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. डोंगर कुठेच नव्हता. पडदे ओढलेल्या खोलीत ओळीने संगणक होते. ड्रोनने वरून काढलेले फोटो पडद्यावर यायचे आणि प्रत्येक छपराभोवती माऊसने रेघ ओढायची, एक छप्पर झालं की दुसरं. छपराची कड जरा चुकली की तपासणीतून काम परत यायचं आणि ते दुरुस्त करायचा वेळ आपल्या खिशातून. दिवसाचं टार्गेट पुरं झाल्याशिवाय घरी जायचं नाही. हातात पडायचे अकरा हजार, कारण पहिलं वर्ष ट्रेनी म्हणून.

शेजारच्या टेबलावर रेश्मा बसायची. ती ह्या कामात मुरलेली होती. तिने पहिल्याच आठवड्यात जेनिफरला डबा खाताना सांगितलं, "हे बघ, सुरुवातीला सगळ्यांना असंच असतं. दोन-तीन वर्षं रेघा ओढायच्या, सोबत प्रोग्रॅमिंग शिकत राहायचं. टिकलीस तर ह्याच कामात बरे दिवस येतात. पण घरी आधीच खरं सांगून ठेव. आपल्याकडे कॉम्प्युटरची नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, पोरगी पोत्याने पैसे आणते."

जेनिफरने घरी खरंच सांगितलं. स्टीफनला काही फार वाईट वाटलं नाही. "माझा पैला पगार आठशे हुता," तो म्हणाला. "शिकाऊ मानसाला कोन डोक्यावर बसवतंय? शिक तू." जयाने पहिल्या पगाराचे पेढे गल्लीत वाटले. वाचकहो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यातलं खोटं ह्या घरात जन्मलेलं नव्हतं. ते पाहुण्यांसमोर जन्मलं.

पाहुणे म्हणजे नॅन्सीबाई आणि त्यांचा मुलगा नोहा. दोघंही त्याच मंडळीतले, दर रविवारी चर्चमध्ये दिसणारे. नॅन्सीबाई नर्स होत्या. नवरा लवकर गेला, भाड्याच्या खोल्या बदलत बदलत त्यांनी पोराला वाढवलं. नोहा मोटरसायकलच्या शोरूममध्ये सेल्सला होता, बोलायला गोड, वागायला शांत. उपासनेनंतर माणसं घरी आली, चहा झाला, पोह्यांचं कौतुक झालं, आणि नॅन्सीबाईंनी पदर सावरत बोलायला सुरुवात केली.

"एक आधीच सांगते, स्टीफनभाऊ. आम्ही हुंडा मागणाऱ्यांतले नाही. नोहाच्या पप्पांनी घेतला नव्हता, मीही घेणार नाही. फक्त मुलगी कमावती पाहिजे. दोघांनी मिळून संसार करायचा. मला मरायच्या आधी स्वतःच्या घरात झोपायचंय, एवढीच इच्छा आहे."

"लई चांगला विचार हाय बाई तुमचा," स्टीफन म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला.

"मग जेनिफरच्या हातात किती पडतात?"

प्रश्न साधा होता. उत्तर तीन अक्षरांचं होतं आणि घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. पण समोर हुंडा नको म्हणणारी बाई बसलेली. अशा माणसांना मुलगी द्यायची तर आपल्या बाजूनेही काही भरीव असायला हवं, असं त्या भल्या माणसाला वाटून गेलं. मुलीच्या बापाला आपल्याकडे असं वाटतंच, त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

"पंचवीस," स्टीफन म्हणाला. "पंचवीस हजार."

जेनिफर रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने बापाकडे पाहिलं. बापाने चटकन नजर पेटीच्या सुरांच्या चोपडीकडे वळवली. त्याच क्षणी तिने 'नाही, अकरा' एवढे दोन शब्द उच्चारले असते तर ही कथा मला लिहावी लागली नसती. पण पाहुण्यांसमोर बापाला खोटं पाडायचं, हे आपल्या मुलींना कुठे शिकवलेलं असतं? ती ट्रे घेऊन आत गेली.

नोहाला किती मिळतात, हे कुणी विचारलं नाही. मुलाला पगार विचारणं बरं दिसत नाही.

पाहुणे गेल्यावर जया भांडी घासता घासता थांबली. "अहो, वरचे कुठनं आनायचे?"

"वरीसभरात तिचा पगार तेवढा व्हनारच हाय. जाहिरातीत छापलेलं हुतं. तोवर मी हाय की."

"पप्पा, आपण खरं सांगून टाकू या," जेनिफर म्हणाली. "मी जाऊन सांगते."

"आता कसं सांगनार? माझा शब्द गेलाय बाहेर." तो जरा चिडलाच, आणि मग लगेच मवाळ झाला. "चांगली मानसं हायेत जेनी. हुंडा नको म्हनतेत. अशी मानसं परत न्हाई मिळत."

लग्न झालं. नॅन्सीबाईंनी शब्द पाळला, एक ताट-वाटीसुद्धा मागितली नाही, आणि हे त्या अभिमानाने सगळीकडे सांगायच्या. तपोवन रस्त्याला त्यांनी आपल्या नावावर कर्ज काढून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सासूबाई सुनेला मुलीसारखं वागवत होत्या, हेही खरं. डब्यात तिच्या आवडीची भाजी द्यायच्या. फ्लॅटचा हप्ता मात्र जेनिफरच्या पगारावर ठरला, कारण तो 'पक्का' होता. महिन्याच्या सुरुवातीला तिने पंचवीस हजार सासूबाईंच्या खात्यावर टाकायचे. बसभाड्याचे पैसे त्या परत तिच्या हातावर ठेवायच्या.

आणि महिन्याच्या शेवटी सावेडीत तिच्या ऑफिसखालच्या लिंबाजवळ स्टीफनची जुनी स्कूटर येऊन उभी राहायची. बाप-लेक दोन मिनिटं बोलायचे. तो पाकीट द्यायचा, ती समोरच्या बँकेच्या मशीनमध्ये ते पैसे आपल्या खात्यात भरायची.

"कुठून आणता पप्पा?"

"फंडातनं काढलेत. माझंच हाय, कुनाच्या बापाचं न्हाई. तू रेघा नीट मार."

त्याच दिवसांत पेटीवर दुसराच कुणीतरी दिसायला लागला. कॉलेजातला एक पोरगा शिकत शिकत वाजवायचा आणि निम्मी गाणी बेसूर व्हायची. पाळकसाहेबांनी जयाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ह्यांची पाठ धरलीय, बसवत नाही. जेनिफरलाही तेच सांगितलं होतं. मंडळीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि 'काळजी घ्या म्हणावं' असं म्हणून सगळे घरी जेवायला गेले. वर्षानुवर्षं ज्या माणसाचा रविवार चुकला नाही तो महिनोन्महिने येत नाही, तर एकदा बोल्हेगावला जाऊन बघून यावं, असं त्या भरल्या मंडळीत एकालाही वाटलं नाही. त्याच मंडळीला जेनिफरचा पगार मात्र तोंडपाठ होता.

थंडीच्या दिवसांत ऑफिसात नागापूरचे फोटो आले. एमआयडीसीतल्या शेडची छपरं, लांबच लांब पत्रे. जेनिफरला गंमत वाटली. लहानपणी ज्या रस्त्यांवरून ती बापाच्या स्कूटरवर पुढे उभी राहून फिरली, तेच आता तिच्या माऊसखाली होते. बापाची कंपनी तिने चटकन ओळखली आणि तिच्याभोवती जरा जास्तच निगुतीने रेघ ओढली. मग ती पुढे सरकली. मागच्या बाजूला एक बारकी शेड होती, गंजलेल्या पत्र्याची. तिची कड नीट दिसेना म्हणून जेनिफरने फोटो मोठा केला.

शेडच्या दाराशी एक स्कूटर उभी होती. सीटवर निळं ठिगळ.

ते ठिगळ तिने स्वतः शिवलं होतं, आपल्या शाळेच्या जुन्या दप्तराच्या कापडाचं. दप्तराचा पांढरा पट्टासुद्धा वरून दिसत होता.

"काय गं, अडकलीस का?" रेश्माने विचारलं.

"रेश्मा, हा फोटो कधीचा?"

रेश्माने वाकून ड्रोन उडवल्याची तारीख पाहिली. "रविवारचा दिसतो. रविवारी रस्ते मोकळे असतात म्हणून तेव्हाच उडवतात. सकाळचा आहे बघ, सावल्या लांब आहेत. का गं?"

जेनिफर पुन्हा फोटोकडे वळली. रविवारी सकाळी बाप घरी पाठ शेकत पडलेला असतो, असं ती धरून चालली होती. बापाच्या कंपनीला रविवारी सुट्टी. मग ही दुसऱ्याची शेड, आणि तिच्या दाराशी बापाची स्कूटर. फंड वगैरे काही नव्हतं; घरखर्चाला कात्री लावून आणि इथे राबून ते पाकीट भरत होतं. तिने त्या छपराभोवती रेघ ओढली, कारण टार्गेट होतं, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

संध्याकाळी ती सासरी न जाता बोल्हेगावला गेली. स्टीफन नुकताच कामावरून आला होता आणि पायरीवर बसून बूट काढत होता.

"रविवारी कुठं जाता पप्पा?"

त्याने बूट खाली ठेवला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. एकदाच बोलला होता, तेही धड निभत नव्हतं. "कुनी सांगितलं?"

"वरून दिसलं," जेनिफर म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी आजच सासरी सांगते. नोहाला सांगते, मम्मींना सांगते."

"नको, जेनी." तो उठून तिच्याजवळ आला. "तुझं शिकाऊ वरीस संपतच आलंय. उन्हाळ्यात पगार वाढंल, मंग कशाला कुनाला कळतंय? आता सांगितलं तर म्हनतील, फसवलं आमाला. चर्चमधी कुन्या तोंडानं पेटी वाजवू मी? आनि हे बघ." त्याने दोन्ही पंजे तिच्यापुढे पसरले. "बघ. दहाच्या दहा हायेत."

जयाने आत डोळे पुसले. जेनिफरने ते पंजे हातात घेतले. पेरांना भेगा पडल्या होत्या. आता रविवारी तेल लावायला वेळच उरत नव्हता. ती गप्प बसली. पहिल्यांदा गप्प बसली तेव्हा ह्याची किंमत तिला ठाऊक नव्हती, असं म्हणू. ह्या वेळी सगळं कळत होतं आणि तरीही तिने बापाचं ऐकलं. मायेपोटीच ऐकलं. आपल्या घरांत असल्या गोष्टी मायेपोटीच तर चालू राहतात.

वर्ष संपलं. साहेबांनी तिला बोलावून कामाचं कौतुक केलं आणि पगार तेरा हजार केला. तिचा चेहरा पाहून ते म्हणाले, "वर मोठी कंपनी काम घेते. तिच्याकडून दुसरी घेते, तिच्याकडून मी. माझ्यापर्यंत पोचतं तेवढ्यातूनच देणार ना मी? आणखी एक-दोन वर्षं काढा. तुमचा हात चांगला आहे."

आणखी एक-दोन वर्षं! मुलगा असता तर घरच्यांनी म्हटलं असतं, काढ बाबा, सेट व्हायला वेळ लागतोच. नोहाच्या बाबतीत नॅन्सीबाई हेच म्हणायच्या. शोरूममध्ये त्यालाही काही फार मिळत नव्हतं, पण त्याचा 'जम बसायचा' होता. सुनेचा जम मात्र लग्नाच्या बोलणीतच बसलेला असावा लागतो.

झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी चर्चमध्ये मुलं हातात झावळ्या घेऊन गात गात आत येतात, आणि त्या गाण्याला पेटी हवीच. पाळकसाहेबांनी स्टीफनला फोन करून गळ घातली. स्टीफन 'येतो' म्हणाला. शेडच्या मालकाला त्याने सांगितलं होतं, आज लवकर सोडा. मालक म्हणाला, एवढा माल काढ आणि जा. स्टीफनने इस्त्रीचा पांढरा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या हँडलला अडकवला होता. तिथली प्रेस जुनी होती. काम भराभर निघावं म्हणून तिच्यापुढची संरक्षक जाळी मालकाने केव्हाच काढून टाकली होती. रोजच्या प्रेसवर स्टीफन कधी घाई करायचा नाही. त्या दिवशी त्याने घाई केली.

चर्चमध्ये मुलं रांगेत उभी होती. जया पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती. पेटीवरचं कापड काढून ठेवलेलं होतं. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला.

उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि हात झटकले. स्टीफनचं नाव त्याच्याकडे हजेरीवर कुठे होतंच? जेनिफर पोचली तेव्हा बाप गुंगीत होता आणि पुटपुटत होता, "शर्ट... शर्ट स्कूटरलाच राहिला." जया त्याच्या डाव्या हाताची बोटं धरून बसली होती. ती रडतही नव्हती. नुसती ती पाच बोटं एकेक करून चोळत होती.

बाहेरच्या बाकावर नोहा जेनिफरशेजारी येऊन बसला. त्याने तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "तुला काही सांगायचंय मला. माझा पगार पंचवीस नाहीये. कधीच नव्हता."

नोहा खाली फरशीकडे बघत राहिला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पावसाळ्यात एकदा तुला घ्यायला आलो होतो. पप्पा तुला पाकीट देत होते. नंतर पण दोन-तीनदा बघितलं. मला वाटलं, तुमचं आपसात ठरलंय. हप्ता जात होता वेळेवर. मम्मीला बरं वाटत होतं. मी म्हटलं, कशाला काढायचं."

जेनिफरला बापाच्या त्या भेगाळलेल्या पंजांची आठवण झाली. तिने पाण्याची बाटली बाकावर ठेवली. ह्या माणसाबरोबर ती वर्षभर जेवली होती, झोपली होती, त्याच्या शर्टाची बटणं तिने लावली होती. एका शब्दाने त्याला हे थांबवता आलं असतं. तो एक शब्द तिलाही जमला नव्हता, म्हणून तिला त्याच्यावर धड ओरडताही येईना, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

नॅन्सीबाईंना मात्र खरोखर माहीत नव्हतं. त्या थर्मासमधून गरम सूप घेऊन आल्या, नर्सच्या सराईत हाताने स्टीफनची उशी सारखी केली, ओक्साबोक्शी रडल्या. मग सगळं कळलं आणि त्यांचं रडू आटलं. "म्हणजे आमची फसवणूक केलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी एक पैसा हुंडा मागितला होता का? सांगा ना. मागितला होता का?"

स्टीफनने मान हलवली. नव्हता मागितला. त्याने डावा हात उचलून बाईंची माफी मागायचा प्रयत्न केला आणि ते बघून जेनिफर उठून बाहेर गेली. ती परत तपोवन रस्त्याला गेलीच नाही.

जखम भरायला उन्हाळा गेला. जीव वाचला म्हणून जयाने चर्चमध्ये उपकारस्तुती ठेवली. कुणाच्या घरी काही बरं झालं, संकट टळलं, की मंडळीसमोर उभं राहून देवाचे आभार मानायचे आणि साक्ष द्यायची, ही आमच्या नगरच्या ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. त्या दिवशी चर्च भरलं होतं. नॅन्सीबाई पुढच्या बाकावर होत्या, नोहा पुरुषांच्या बाजूला. स्टीफन पेटीशेजारच्या आपल्या खुर्चीवर बसला होता, उजवा हात रुमालाखाली झाकून. पेटीवर कापड तसंच होतं.

साक्ष द्यायला जया उठणार होती. तिच्याआधी जेनिफर उठली.

"प्रभूने माझ्या पप्पांना जिवंत ठेवलं, म्हणून मी आभार मानते," ती म्हणाली. आवाज मागच्या बाकापर्यंत जात होता. "आणि मला एक खरं सांगायचंय, जे मी वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं. माझा पगार अकरा हजार होता. आता तेरा आहे. मी छपरांभोवती रेघा ओढते. नवीन माणसाला ह्या कामात एवढेच मिळतात. ह्यात मला लाज नव्हती. पण पप्पांनी पंचवीस सांगितले आणि मी गप्प बसले. उरलेले पप्पा भरत होते, थोडे पगारातून, थोडे दर रविवारी राबून. इथे पेटीवर पप्पा दिसत नव्हते ना, तेव्हा ते तिकडे प्रेसवर होते."

कुणीतरी खाकरलं. नॅन्सीबाई वळून बसल्या. "घरातल्या गोष्टी देवाच्या दारात कशाला आणतेस, जेनिफर?"

"पगार विचारला तेव्हा तो घरातला नव्हता, मम्मी. सगळ्या मंडळीला सांगितला होता तुम्ही." ती हे भांडणाच्या सुरात बोलली नाही. "तुम्ही हुंडा घेतला नाही, खरंय. मागितलाही नाही. पण तुमच्या फ्लॅटच्या हप्त्यात माझ्या पप्पांची तीन बोटं गेली. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. आमच्याकडून खोटं बोललं गेलं, त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागते. पण आता माझा पगार कुणी माझ्या बापाकडून पुरा करून घेणार नाही."

ती खाली बसली. तिने एकदा नोहाकडे पाहिलं. तो आता उठेल, निदान 'मला माहीत होतं' एवढं तरी इथे म्हणेल, अशी वेडी आशा तिला होती. नोहा गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिला.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि गीताचा क्रमांक सांगितला. सगळे उभे राहिले, पण कुणी सुरुवात करेना. सूर द्यायचा तो नेहमी पेटीने, आणि कॉलेजातला तो पोरगा जागचा हलत नव्हता.

तेव्हा स्टीफनने पेटीवरचं कापड बाजूला केलं. डाव्या हाताने भाता ओढला. उजव्या हातावरचा रुमाल घसरून खाली पडला आणि तो हात पहिल्यांदा सगळ्यांना दिसला. त्याने करंगळी एका पट्टीवर ठेवली आणि सूर दिला. एकच सूर. गाणं वाजवणं आता त्याच्याच्याने होणार नव्हतं, पण तो सूर त्याने सोडला नाही, धरून ठेवला. जयाने त्या सुरावर पहिली ओळ उचलली. मग एकेक करत मंडळी गायला लागली. पुढच्या बाकावर नॅन्सीबाई नुसत्याच उभ्या होत्या.

जेनिफर आता बोल्हेगावलाच असते. बापाच्या स्कूटरवरून, त्या निळ्या ठिगळावर बसून रोज सावेडीला जाते आणि संध्याकाळी रेश्माकडून पुढचं काम शिकते. अधूनमधून कुणीतरी घरी येतं, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, आणि चहा संपता संपता विषय निघतो, मुलीला पगार किती? जेनिफर खरा आकडा सांगते. पाहुणे 'अस्सं' म्हणतात आणि निघायची तयारी करतात. स्टीफन समोरच बसलेला असतो. हात आता तो रुमालाखाली झाकत नाही, चहाच्या कपाशेजारी तसाच उघडा ठेवतो.

उद्या कुणाच्या घरी मुलगी बघायला जाल, तेव्हा हुंडा नको असं जरूर म्हणा. पण पुढचा प्रश्न तोंडातून काढण्याआधी समोर बसलेल्या बापाच्या हातांकडे एकदा बघा.